निगडीच्या माळावरील नवनगर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा काही इतिहासविषयक लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादकांनी केली तेव्हा प्रस्तुत लेखकास प्रथम संकोचच वाटला. इतिहास लिहावयाचा तो विद्वानांनी. आम्ही मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेले साधे शाळामास्तर. आयुष्यभर खडू-फळ्याशी नाते. तथापि आपल्या ज्ञातीची बरीच कुटुंबे आज ज्या निगडी-प्राधिकरणात राहतात ती वसाहत आमच्या डोळ्यांदेखत उभी राहिली, आणि तिचे पहिले दिवस पाहिलेली माणसे आता एकेक करून कमी होत आहेत. म्हणून हे धाडस. ज्ञातिबांधव व भगिनींनी ते गोड मानून घ्यावे.

या भागातील गावांची नावे ऐकली म्हणजे एखाद्या बागेतील पाट्या वाचीत चालल्यासारखे वाटते. चिंच आणि वड मिळून चिंचवड झाले, असे आबालवृद्ध सांगतात. पिंपरी हा तर वड-पिंपळाच्याच कुळातील वृक्ष. निगडी म्हणजे निरगुडी. बाळंतिणीच्या न्हाणीच्या पाण्यात घालावयाचा निगडीचा पाला आमच्या आजीस चांगला ठाऊक होता. पण नावांवरून कोणी असा समज करून घेऊ नये की येथे पूर्वी घनदाट राई होती. झाडे होती ती गावठाणात, देवळापाशी, विहिरीच्या काठी व पवना नदीच्या कडेने. गाव सोडले की निगडी-आकुर्डीचा माळ लागे. त्यावर पावसाळ्यात गवत, हिवाळ्यात कुसळे आणि उन्हाळ्यात नुसती धूळ. आज प्राधिकरणात जी सावली आहे ती निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी लावलेली आहे. ही गोष्ट आरंभीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढील सर्व हकीकतीस तिचा आधार आहे.

चिंचवड हे या परिसरातील सर्वांत जुने प्रतिष्ठित गाव. श्रीमोरया गोसावी यांची संजीवन समाधी पवनेच्या तीरावर आहे. त्यांच्या कालाविषयी विद्वानांत मतभेद असले तरी मोरगावच्या मयूरेश्वराची उपासना त्यांनी चिंचवडास आणली आणि भाद्रपद व माघ महिन्यांत चिंचवडाहून मोरगावास पालखी जाण्याची प्रथा पडली, याविषयी वाद नाही. चिंचवड देवस्थानास इनाम गावे होती, पेशवाईत मोठा मान होता. मारिया ग्रॅहम नावाची इंग्रज प्रवासी बाई १८०९ साली येथे येऊन देवमहाराजांस भेटून गेली व तिचे प्रवासवृत्त १८१२ साली छापले गेले. पुढे १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि चिंचवडाच्या शिवारातून आगगाडी धावू लागली. तरीही पुढची जवळजवळ शंभर वर्षे हे गाव गावच राहिले. पुणे दहा-बारा मैलांवर, पण पुण्याचा वारा येथवर पोहोचत नसे.

मात्र पुण्याच्या इतिहासातील एका भयंकर वर्षाशी चिंचवडाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला व लवकरच तो पुण्यात आला. घरे तपासण्याच्या निमित्ताने सोजिरांनी जो उच्छाद मांडला त्याचा सूड म्हणून दामोदर हरी चाफेकर व त्यांच्या बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. हे तिघे बंधू चिंचवडचे. दामोदरपंत १८९८ साली, तर वासुदेव व बाळकृष्ण १८९९ साली फाशी गेले. त्यांचा वाडा चिंचवडात आजही आहे आणि आम्ही दरवर्षी चौथीच्या मुलांस तेथे नेत असू.

चाफेकरांचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. येथे सांगावयाचे ते निराळेच. या प्लेगने आपल्याकडील शहरी लोकांस शहराबाहेर राहावयास शिकविले. साथ आली की पेठेतली माणसे घराला कुलूप लावून रानात झोपड्या घालीत आणि साथ ओसरली की परत येत. कित्येकांच्या तेव्हा ध्यानात आले की बोळातल्या अंधाऱ्या घरापेक्षा रानातल्या झोपडीत लेकरे अधिक सुखरूप राहतात. मुंबईत प्लेगनंतर, १८९८ साली, सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व पुढे त्यानेच दादर-माटुंग्याच्या मोकळ्या, झाडांच्या वसाहती आखल्या. पुण्यात १९०० साली महर्षी कर्व्यांनी आपला अनाथ बालिकाश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. तेथून ते फर्ग्युसन कॉलेजात पायी ये-जा करीत. नदीपलीकडे १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला आणि भांबुर्डे व एरंडवणे या खेड्यांच्या शेतांत बंगले दिसू लागले. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून तिकडेच आली, तेव्हा तो भाग गावाबाहेरचाच समजला जात असे. आज तेथे उभे राहून 'हे एके काळी खेडे होते' असे सांगितले तर नातवंडे हसतात. आपल्या निगडीचेही हेच व्हावयाचे काय, हा प्रश्न हल्ली आमच्या मनात वारंवार येतो.

विलायतेत याच सुमारास एबेनेझर हॉवर्ड नावाच्या एका लघुलेखकाने एक कल्पना मांडली होती. हा गृहस्थ काही इंजिनियर नव्हता की मोठा पदवीधरही नव्हता, हे आम्हांस विशेष वाटते. त्याचे पुस्तक १८९८ साली निघाले. शहरात कामधंदा आहे पण हवा नाही, खेड्यात हवा आहे पण कामधंदा नाही. तेव्हा दोहोंचे गुण एकत्र करून 'उद्याननगर' वसवावे, जमीन सामाईक मालकीची ठेवावी, रहिवाशांनी ती पट्ट्याने घ्यावी आणि भोवती शेतीचा पट्टा कायम राखावा, असे त्याचे म्हणणे. १९०३ साली लंडनपासून काही अंतरावर लेचवर्थ येथे असे नगर वसविण्यास आरंभ झाला. आपल्या प्राधिकरणाच्या भूखंडधारकांनी हॉवर्डचे नाव ऐकले असेल वा नसेल, पण त्यांच्या हातातील नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या कागदात त्याच्या कल्पनेचा थोडा अंश उतरला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्या माळाकडे वळू. देशाच्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेले निर्वासित पिंपरीस वसले. त्यानंतर १९५४ साली सरकारने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी काढली व दुसऱ्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. या कारखान्याची कामगार वसाहत म्हणजे या भागातील नव्या राहणीचा पहिला नमुना होय. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, बैठी घरे, खेळाचे मैदान, आणि या सर्वांत सर्व प्रांतांचे व सर्व जातींचे लोक शेजारी शेजारी. पुढे १९६० च्या आगेमागे बजाज ऑटो आकुर्डीस आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेल्कोचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांनी कारखान्याच्या ओसाड, खडकाळ जागेत हजारो झाडे लावविली व तळे केले, आणि त्या तळ्यावर पक्षी येऊ लागले. लोखंड कापणाऱ्या कारखान्यात झाडांची एवढी आस्था, हे त्या काळी लोकांस चमत्कारिक वाटे.

आपली ज्ञाती मुळात बाजारपेठेच्या गावची. पुढे दुकान, मागे घर, आणि मागील दारी असलीच तर एक तुळस. प्रस्तुत लेखकाचे वडील १९६३ साली नगर जिल्ह्यातील आपले दुकान भावाच्या हवाली करून येथील एका कारखान्यात नोकरीस लागले, तेव्हा गावी 'दुकान सोडून मजुरी धरली' असे लोक म्हणाले. आम्ही चिंचवड गावात एका वाड्याच्या माडीवर दोन खोल्यांत सात माणसे राहत होतो. वडिलांची पहिली पाळी असली की ते पहाटे सायकलवरून जात आणि येताना कधीकधी अँटिबायोटिक्सच्या वसाहतीवरून वळसा घालून येत. 'तिथे झाडाखालून सायकल चालवायला बरे वाटते,' एवढेच ते सांगत. स्वतःचे असे घर व्हावे ही इच्छा त्यांनी शब्दांत कधी बोलून दाखविली नाही.

१९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे एकत्र करून नगरपालिका झाली. कारखान्यांत माणसे येत होती पण त्यांस राहावयास जागा नव्हती. गावठाणे फुगत चालली होती, रेल्वेच्या कडेला झोपड्या वाढत होत्या. या अडचणीवर उपाय म्हणून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. निगडी, आकुर्डी, चिंचवड, थेरगाव, वाकड, रहाटणी, भोसरी, मोशी अशा गावांच्या शिवारांतील जमिनी संपादनाखाली आल्या. कागदावर चौकोन आखले गेले आणि त्या चौकोनांस 'पेठ' असे नाव देण्यात आले. पुण्यातल्या पेठांस वारांची नावे, आमच्या पेठांस आकडे! पेठ क्रमांक पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. आमच्या मातोश्रींस हे काही केल्या पटेना. 'आकड्याच्या गावात कसे राहायचे?' असे त्या म्हणत.

१९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्यानंतर दोन वर्षांनी आम्हांस सोडतीत एक लहान भूखंड मिळाला. सौभाग्यवतीच्या पाटल्या मोडून, भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून व वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून १९८७ च्या अक्षय्य तृतीयेस आम्ही तीन खोल्यांच्या घरात राहावयास गेलो. त्या वेळच्या प्राधिकरणाची कल्पना आजच्या तरुणांस येणार नाही. रस्ते होते पण दिवे अर्धेच. रात्री नवानंतर बस मिळाली नाही तर आकुर्डीपासून चालत यावे लागे. रावेतच्या बाजूने कोल्हेकुई ऐकू येई. पहिल्या पावसाळ्यात न्हाणीघरात दोनदा साप निघाला. शेजार म्हणावे तर चार भूखंड सोडून एक तमिळ कुटुंब आणि समोर मोकळ्या पटांगणापलीकडे एक घर. चैत्रातील पहिल्या हळदीकुंकवास आलेल्या बायकांत निम्म्या परभाषिक होत्या, आणि त्यांतील एकीने आणलेले कढीपत्त्याचे रोप आज आमच्या छपराएवढे झाले आहे.

झाडे लावण्याचा त्या दिवसांत सर्वांसच नाद लागला होता. घराभोवती मोकळी जागा सोडलीच पाहिजे असा नियम असल्याने प्रत्येकाच्या वाट्यास थोडी माती आली होती. कोणी आंबा, कोणी नारळ, कोणी पारिजातक लावी. रस्त्याच्या कडेने गुलमोहर, करंज, कडुनिंब, वर्षावृक्ष लागले. रविवारी सकाळी आपापल्या घरासमोरील रोपांस बादलीने पाणी घालणारे पुरुष दिसत, आणि ओळखी त्याच वेळी होत. दहा वर्षांत उन्हाची तीव्रता कमी झाली. भारद्वाज, तांबट, कोकीळ आले. गणेश तलावावर व दुर्गा टेकडीवर पहाटे फिरणाऱ्यांची दाटी होऊ लागली. आषाढीच्या सुमारास देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरी मुक्कामास येते. त्या रात्री आमच्या पेठेतील घराघरांतून पिठले-भाकरी जाते. हे सर्व पाहून पुण्याच्या पेठांतील आमचे नातलग म्हणू लागले, 'तुम्ही गावात राहता की शहरात, हेच कळत नाही.' आम्हांस ती स्तुतीच वाटे.

येथे एक प्रसंग सांगितला पाहिजे. १९९० च्या सुमारास एक वयस्क शेतकरी आमच्या गल्लीत हातगाडीवर भाजी आणीत असे. एके दिवशी तो आमच्या फाटकाशी थांबला व आंब्याकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, तुमचं हे झाड हाय ना, तिथं आमचं खळं हुतं. ज्वारी मळायचो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आम्ही त्यास आत बोलावून चहा दिला. तो ओसरीवर बसला, पण खुर्चीवर बसला नाही. त्याच्या वडिलांची सर्व जमीन संपादनात गेली होती, आलेले पैसे बहिणींच्या लग्नांत व घर बांधण्यात संपले होते, आणि तो आता आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या घरांतून मंडईतून विकत आणलेली मेथी विकत होता. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत मिळावी, ही मागणी आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आरंभीच्या म्हणजे १९७२ ते १९८३ या वर्षांत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची ती मागणी कित्येक दशके सरकारदरबारी पडून राहिली. आमच्या नावावरील भूखंड कायदेशीर आहे, सोडतीत मिळालेला आहे, आम्ही त्याचे पै न पै मोजलेले आहेत. तरी त्या दिवसानंतर आंब्याचा पाड निघाला की एक पाटी त्याच्या घरी पाठविण्याचा परिपाठ आम्ही ठेवला. तो वारला तेव्हा त्याचा मुलगा म्हणाला, 'आता नका पाठवू गुरुजी.' आम्ही त्याचे कारण विचारले नाही.

पाण्याचीही गोष्ट अशीच आहे. आमच्या झाडांस जे पाणी मिळते ते पवना धरणाचे. हे धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले व मावळातील गावे त्याखाली गेली. धरणाचे पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून महापालिका ते उचलते. त्याऐवजी बंद जलवाहिनीने थेट धरणातून पाणी आणण्याची योजना निघाली तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरास एक दिवसाआड पाणी मिळू लागले. त्या दिवसांत आमच्या पेठेत मोटारी धुण्यावरून भांडणे झाली. मावळाचे नाव मात्र कोणाच्या तोंडून निघाले नाही.

२०११ च्या खानेसुमारीत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांवर गेली. १९७१ साली ती एक लाखाच्या आत होती. २०२० च्या डिसेंबरात राज्यभर लागू होणारी नवी विकास नियंत्रण नियमावली आली व पूर्वीपेक्षा अधिक चटईक्षेत्र मिळू लागले. २०२१ साली प्राधिकरण बरखास्त करून त्याचे विलीनीकरण पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात करण्यात आले. आमच्यासारख्या विकसित पेठांचा कारभार महापालिकेकडे आला. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरीहून मेट्रो धावू लागली आणि ती निगडीपर्यंत वाढविण्यास २०२३ साली मंजुरी मिळाली. या सर्वांचा परिणाम एवढाच की आमच्या तीन खोल्यांच्या घरास आता जी किंमत सांगतात ती ऐकून छातीत धडकी भरते. आमच्या रांगेतील तीन बंगले पाडून तेथे उंच इमारती झाल्या. दुसऱ्या बंगल्याबरोबर जुना बकुळ गेला. इमारतीखाली मोटारी ठेवावयाच्या असल्याने मातीस जागाच उरत नाही, कुंडीत फार तर शोभेची पाने.

आपल्या ज्ञातीतील या पेठांत राहणाऱ्या बहुतेक घरी आज हाच विषय आहे. म्हातारा-म्हातारी दोघेच, मुले अमेरिकेत वा बंगळुरास, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, पाने झाडावयास बाई मिळत नाही. विकसक येतो, पेढे ठेवतो, दोन सदनिका व वर रोख रक्कम देऊ म्हणतो. ज्यांनी होकार दिला त्यांस नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचे चिरंजीव चाकणच्या एका मोटार कारखान्यात अभियंता आहेत. ज्या चाकणच्या किल्ल्यात १६६० साली फिरंगोजी नरसाळा शाएस्ताखानाशी जवळजवळ दोन महिने झुंजला आणि जे गाव पुढे कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध झाले, तेथे आज मोटारी बनतात व त्या मोटारींतून जाणारी माणसे वाहतुकीच्या कोंडीत तासन्‌ तास अडकतात. चिरंजीवांचे म्हणणे घर विकसकास द्यावे असे. आम्ही झाडांचे, पाखरांचे, त्यांच्या आजोबांचे सांगून पाहिले. तेव्हा ते म्हणाले, "बाबा, तुमच्या एका घराच्या जागेवर बारा कुटुंबे राहू शकतील. ती इथे राहिली नाहीत तर मोशीला, चऱ्होलीला, पुनावळ्याला राहतील. तिथे आत्ता कुणाचे तरी खळे आहेच ना?"

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. वर्गात एखादा मुलगा बिनतोड प्रश्न विचारी तेव्हा 'उद्या सांगतो' म्हणण्याची शिक्षकांची जुनी युक्ती आहे. तीच आम्ही योजिली. सौभाग्यवतींचे मत असे की रांगेतील उरलेल्या सहा घरांनी एकत्र बसावे, आणि द्यावयाचेच झाले तर रस्त्याकडील झाडे राखून व थोडी माती उघडी ठेवून बांधण्याची अट करारात लिहून घ्यावी. अशी अट पाळली जाईल की नाही याविषयी आम्हांस शंका आहे. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही, हेही खरे. सहा घरांपैकी दोन आपल्याच ज्ञातीची आहेत. त्यांनी दिवाळीनंतर बैठकीस येण्याचे कबूल केले आहे. तोवर विकसकाच्या कागदावर आम्ही सही केलेली नाही.

जाता जाता एक विनंती. १९७२ ते १९९५ या काळात ज्या ज्ञातिबांधवांनी प्राधिकरणात भूखंड वा गाळे घेतले त्यांच्यापाशी सोडतीची पत्रे, भाडेपट्ट्याचे कागद, बांधकामाच्या वेळची छायाचित्रे असतील. घरे रिकामी करताना असे कागद रद्दीत जातात. ते टाकून न देता मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावेत. नकला करून मूळ प्रती परत केल्या जातील. छायाचित्राच्या मागे साल, पेठ क्रमांक आणि ओळखू येत असेल तर समोरच्या झाडाचे नाव लिहावे. आपल्या भूखंडावर पूर्वी कोणाचे शेत होते हे कोणास ठाऊक असेल तर तेही लिहून द्यावे.